आईची नथ आणि आक्काचे दात

संगमनेर, मळ्यातून
दि. ३ मे १९७१

ती. आक्काच्या चरणी धाकट्या कारभारीचा नमस्कार.

(‘चरणी’ हा शब्द तुझ्या भावजयीने, रतनने घालायला लावला. मी नुसत्या नमस्कारावर भागवणार होतो.) इकडे सगळी खुशाली आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे वाचशीलच. तुझी प्रकृती कशी आहे? दाजींचा दमा यंदाच्या थंडीत फार उसळला नाही ना? बन्सीला राजूरच्या बाजारात बसायला नीट जागा मिळाली का? म्हैस गाभण होती असं ऐकलं होतं, ती व्याली असेल. आणि तुझे दात कसे आहेत? म्हणजे पुढचे, वरचे. हलतबिलत नाहीत ना? हे मी आपलं सहज विचारतो आहे. माणसाने बहिणीच्या तब्येतीची चौकशी करायची तर ती पूर्ण करावी, गुडघ्यावर येऊन थांबू नये.

आईच्या वर्षश्राद्धापासून आपल्यात कागदाचा कपटा गेला-आला नाही, तेव्हा हे जाड पाकीट बघून तू आधी दाजींना हाक मारशील आणि कोण गेलं म्हणून विचारशील. कुणी गेलेलं नाही. पण तुझ्या भाचीचं, लंकेचं लग्न अडलं आहे, आणि ते आईच्या नथीपाशी अडलं आहे, आणि नथ अडली आहे तुझ्या एका वाक्यापाशी. ते वाक्य तुला आठवत असेलच. श्राद्धाचं जेवण उठल्यावर तू म्हणालीस, आईचा दागिना लेकीचा. मी म्हणालो, घरचा दागिना घरात. (त्या वेळी माझं चुकलं असं मी म्हणत नाही, आणि तूही मला म्हणायला लावू नकोस.) मग तू पिशवी उचललीस, बांधापर्यंत गेलीस, आणि तिथून वळून, पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, “ठेव तुझी ती काचेची नथ.” आता तू रागात बोललीस हे मला कळतं. पण त्या दिवसांत कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता, आणि आपल्या बांधाला लागून ऊसतोडीची टोळी उतरलेली होती, आणि ती टोळी होती पाथर्डी तालुक्यातली. ऊस संपला, टोळी गाड्या जुंपून आपल्या गावाला गेली, आणि जाताना उसाचं वाढं, चार कोंबड्या आणि तुझं वाक्य घेऊन गेली.

लंकेला जे स्थळ आलं ते नेमकं त्याच पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचं. मुलगा गोरक्ष, कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून आहे. वजनात मारत नाही, त्यामुळे निम्मे शेतकरी त्याला भला म्हणतात आणि निम्मे बावळट म्हणतात. मला पसंत पडला. लंकेला तर माझ्या आधीच पसंत पडला होता, हे रतनला ठाऊक होतं आणि मला शेवटी कळलं. (बापाला नेहमी शेवटीच कळतं.) गोरक्षचे वडील पुंजाराम, घर खानदानी, जमीन जिरायत पण माणसं पाणीदार. बोलणी झाली, सुपारी फुटली, पत्रिका छापून आल्या. तुला पत्रिका का आली नाही हे विचारू नकोस. तुझं नाव घातलेली पत्रिका कोनाड्यात आहे, रोज बघतो.

मग लग्नाची यादी करायला पाहुणे आले, तेव्हा चहा झाल्यावर पुंजारामांची आत्या म्हणाली, नथ बघू द्या. या छबूबाई. बालविधवा, सगळा जन्म भावाच्या आणि मग भाच्याच्या घरात गेला. लहानपणी बाप निजामाच्या चाकरीत म्हणून त्या हैदराबादेत वाढल्या आणि तिथल्या मोतीवाल्यांच्या बायकांत बसून मोत्याची पारख शिकल्या. पारख म्हणजे काय, तर मोती पुढच्या दातांवर हलकेच घासायचा. खरा असला तर बारीक वाळू लागल्यागत खरखरतो, खोटा असला तर गुळगुळीत सरकतो. तिसगावाकडे छबूबाईंच्या दाताला लागल्याशिवाय नथ नवरीच्या नाकात जात नाही, आणि त्या याचे खणा-नारळापलीकडे काही घेत नाहीत. त्यांच्या घरात एक समजूत आहे: खोटा मोती नाकात घालून सुनेने उंबरा ओलांडला तर तिच्या मागोमाग घरात खोटेपणा शिरतो. एरवी त्यांनी हे हळदीपर्यंत काढलं नसतं. पण ते काचेचं वाक्य टोळीबरोबर गावात पोचलेलं होतं ना.

मी मात्र बेफिकीर होतो. तुला ठाऊक आहे, पंचक्रोशीत बैल घ्यायचा तर लोक कारभारीला सोबत नेतात. जबडा उघडला की बैलाचं वय, म्हणजे आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, एका नजरेत सांगतो, आणि व्यापाऱ्याने दातांवर कानस मारून वय लपवलेला बैल तर मी लांबूनच ओळखतो. ज्याला बैल कळतो त्याला मोती कळायला काय अवघड, असा माझा समज. म्हणून नथ हातात देण्याआधी मी मोत्यांवर बरंच बोललो. बसऱ्याचे मोती, त्यांचं पाणी, त्यांची गोलाई, आपल्या आजोबांनी ते कसे आणले, सगळं. पुंजारामांनी विचारलं, बसरा कुठं आला? मी हात करून कालव्याची बाजू दाखवली. आणि मग छबूबाईंनी पदर सावरला, नथ उलटी धरली, मधल्या लाल खड्याशेजारचा टपोरा मोती दातांवर घासला, मग दुसरा घासला, मग पुन्हा पहिला. त्यांनी नथ रुमालावर ठेवली आणि म्हणाल्या, “गुळगुळीत लागतंय. ह्ये मोती न्हाईत.”

पुंजारामांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. गोरक्ष छताकडे बघायला लागला. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या, त्यावरून लंका तिथे उभी आहे हे मला कळलं. मी हसून काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण कुणी हसलं नाही. पाहुणे उठले ते फार मानाने उठले, आणि मानाने उठलेल्या पाहुण्यांची मला नेहमीच भीती वाटते.

ते गेल्यावर आम्ही घरातच नथीला लागलो. आधी रतनने दाताला लावली आणि म्हणाली, चांगली खरखरीत लागते, म्हातारीला काय झालंय. मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की हिने सकाळपासून दोनदा मिश्री लावलेली. आता ती खरखर मोत्याची की मिश्रीची, हे देव जाणे. चूळ भरून पुन्हा लाव म्हटलं तर म्हणाली, गेली वीसेक वर्षं रोज लावते, ती एका चुळीने जाते होय? मी स्वतः लावावी तर माझे पुढचे दात शिंगाड्या बैलाने कधीच नेले. दाढांवर घासून पाहिली, त्यात नथीचा आकडा गालाला टोचला, रक्त आलं, आणि मोत्याबद्दल काही कळलं नाही. लंकेला म्हटलं तू लाव. ती नको म्हणाली. म्हणाली, “मला कळलं तर मला राहवायचं न्हाई.” पोरीचं हे बोलणं मला लागलं. तिला खोटी निघेल याची भीती नव्हती, खरी आहे हे एकटीलाच कळून उपयोग काय, असं तिचं म्हणणं होतं.

मग आपला चुलतभाऊ कानिफनाथ आला. (तोच, जो नापास झाला तरी शास्त्राचं पुस्तक अजून जवळ ठेवतो.) तो म्हणाला, सोपं आहे, खरा मोती लिंबाच्या रसात विरघळतो. मी लिंबू कापायलाही घेतलं. तेव्हा रतन म्हणाली, “म्हंजी खोटी निघाली तर नथ ऱ्हाईल, आन् खरी निघाली तर जाईल. असली परीक्षा तुमच्या घरात करा.” नंतर त्यानेच काढलं की तुमच्या राजूरच्या डोंगराकडे भाताच्या तुसात मोती चोळतात, खरा असला तर उजळतो. इथे भात कुठला? बाजरीच्या तुसात चोळला. उजळला की नाही यावर आमच्या तिघांची तीन मतं झाली, आणि शिंका मात्र सगळ्यांना आल्या.

शेवटी बाजारपेठेत आप्पासाहेब सराफांकडे गेलो. त्यांनी नथ उन्हात नाही, दुकानाच्या आत सावलीत नेऊन पाहिली. मोत्याचं पाणी उन्हात बघायचं नसतं म्हणाले, उन्हात काचही हसते. मग भिंग लावून मोत्याचं भोक पाहिलं. त्याला ते वेज म्हणतात. काचेच्या मोत्यावरचा मुलामा वेजाच्या कडेला उडालेला दिसतो, आणि खऱ्या मोत्याला तिथे कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. शिवाय म्हणाले, काचेचे मोती सगळे एका मापाचे असतात, आणि खरे मोती भावंडांसारखे, एका घरचे पण एकासारखा एक नाही. हे ऐकून मी नथ पुन्हा जवळून बघितली. नथीतला एक मोती किंचित पिवळा आहे बघ, तुला आठवत असेल, आईच्या नाकाच्या बाजूचा. तो घामाने आणि तेलाने पिवळा पडला, काचेचा असता तर पडला नसता, असं ते म्हणाले. मोती खरे, शंभर टक्के. मी म्हटलं, मग चला तिसगावला आणि हे चार माणसांत सांगा. त्यावर त्यांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं, आणि म्हणाले की छबूबाईंनी खोटं म्हटलेला मोती मी खरा म्हटला तर लोक म्हणतील, कारभारी दर दसऱ्याला या दुकानात येतो, सराफ त्याचंच बोलणार. आणि ते खरंच म्हणतील.

निघताना मी नथीचं मोल विचारलं. विचारायला नको होतं. ते म्हणाले, सोन्याला मोड आहे, मोत्याला मोड नाही. सोनं आटवलं तरी सोनं राहतं, मोती दुकानात परत घेऊन आलात तर कुणी घ्यायचं नाही, त्यात आता ते जपानी लोक शिंपल्यात मोती पिकवायला लागलेत. बाजारात या नथीला भाव आहे तो सोन्याच्या तारेचा. मग तिला किंमत कधी, म्हणून मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ते शांतपणे म्हणाले, नाकात असताना. मी नथ रुमालात बांधली आणि घरची वाट धरली.

दोन दिवसांनी पुंजारामांचा निरोप आला. शब्द गोड होते. हळदीच्या आधी नथीचा काय तो उलगडा व्हावा, नाहीतर लग्न ‘पुढे बघू’. आक्का, पुढे बघू म्हणजे काय हे तुला सांगायला नको. आपल्या भागात पुढे बघू म्हटलेल्या मुली अजून मागेच बघत बसल्या आहेत. दुसरी नथ घ्या असं त्यांचं म्हणणं नाही, मला ती घेता येत नाही असंही नाही. पण आईची नथ मागे घेतली तर ती काचेची होती हे मी कबूल केलं असं होतं, आणि मग आईने ती नाकात घालून जन्मभर काय मिरवलं? लंका ताकात मीठ दोनदा घालते आणि भाजीत घालत नाही. मला काल रात्री जेवण गेलं नाही, आणि मी रतनला सांगितलं की ताकामुळे.

म्हणून मी एकटाच तिसगावला गेलो, बाजारच्या दिवशी, म्हणजे माझ्या जाण्याचा बोभाटा होऊ नये. (बाजारच्या दिवशी गेलं की सगळा तालुका बघतो, हे नगरला गाडी बदलताना सुचलं.) तिथे मणी-पोत विकणारा एक म्हातारा बसला होता. सहज मोत्यांचं विचारलं तर तो माझ्यावरच खेकसला. म्हणाला, मोती विकणं सोडलंय, दिवाळीपासून या भागात एक मोती खरा निघाला नाही, हैदराबादचा एक जुना व्यापारी लोकांनी शिव्या घालून हाकलला, दोन सोयरिकी अडून पडल्यात. मी ऐकून घेतलं. दिवाळीपासून एकही नाही, हे डोक्यात कुठेतरी अडकून राहिलं, पण का अडकलं ते कळलं नाही. बैलाच्या बाजारात असं झालं असतं तर लगेच कळलं असतं.

पुंजारामांच्या घरी पाहुणचारात काही कमी नव्हतं. बाजरीची भाकरी, शेंगोळे आणि असा ठेचा की डोळ्यांतून पाणी आलं. (त्यांना वाटलं मी लग्नासाठी रडतो आहे. मी तसंच वाटू दिलं.) छबूबाई पंक्तीत नव्हत्या, त्या अलीकडे आत एकट्याच जेवतात असं समजलं. मी हात धुवायला मागच्या मोरीकडे गेलो. तोंडाची आग होत होती. कोनाड्यात पाण्याने भरलेलं फुलपात्र दिसलं, ते उचललं, तोंडाशी नेलं, आणि पाण्यातून माझ्याकडे बघून कुणीतरी हसलं. वरची आख्खी ओळ, खालची आख्खी ओळ. कवळी.

मी तसाच उभा राहिलो. आक्का, बैलाच्या दातांवरून त्याची जन्मतारीख सांगणारा मी, आणि ही बाई माझ्याच पडवीत, माझ्याच समोर, सत्तरी उलटलेली, एकही दात वाकडा नाही, एकही पडलेला नाही, आणि माझ्या लक्षात आलं नाही. कवळीला काय कळणार खरखर? खरा दात हाडात रुतलेला असतो, त्याला वाळूचा कण कळतो. कवळीला बसऱ्याचा मोती आणि शेंगदाणा सारखाच. शेजारीच कवळीची डबी होती, तिच्यावर नगरच्या दातांच्या डॉक्टरांचं नाव आणि दिवाळीतली तारीख, आणि दिवाळीपासून पाथर्डी तालुक्यातले सगळे मोती खोटे निघायला लागले. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण मागे वळलो तर दारात छबूबाई उभ्या होत्या, तोंडावर पदर दाबून, आणि फुलपात्र माझ्या हातात होतं.

त्या एवढंच म्हणाल्या, “ठिवा ते.” मी ठेवलं. थोडं पाणी सांडलं. आता मी काय करावं? पडवीत जाऊन सांगितलं असतं तर नथ सुटली असती. पण मग दिवाळीपासून ज्यांच्या नथी परत गेल्या ती सगळी माणसं पुंजारामांच्या दारात उभी राहिली असती, आणि ज्या घरात माझी लेक द्यायची त्याच घराची अब्रू मी मोरीत सांडून आलो असतो. असल्या घरात मग लंकेला कुणी सुखाने नांदवलं असतं? न सांगावं तर लग्न मोडतं. मी दोन्ही बाजूंनी अडकलो होतो, आणि ठेच्याची आग तर होतीच.

छबूबाई उंबऱ्यावर बसल्या. पदर तोंडावरचा काढला नाही. फुलपात्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, “दिवाळीपून समदंच गुळगुळीत लागतंय. भाकर बी. मला वाटलं, आता दुनियाच तशी झाली.” मी खाली बसलो. म्हटलं, आत्याबाई, दुनिया आहे तशीच आहे. त्यांनी मान हलवली. म्हणजे त्यांना कळलं, आणि मला कळलं हेही त्यांना कळलं. मला त्या बाईची फार दया आली, आक्का, आणि थोडी आईची आठवण आली. आई पण शेवटी भाकरी दुधात कुस्करताना अशीच पाठ करून बसायची. मग त्यांनी डोळे पुसले, आणि एकदम करड्या आवाजात एक मार्ग सांगितला. तो मला मुळीच पसंत नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

तर अशी सगळी हकीगत आहे. तुला कळावी म्हणून कळवली, बाकी काही नाही. उत्तराची घाई नाही. दाजींना नमस्कार, बन्सीला आशीर्वाद. रतनने तुझ्यासाठी नाचणीचे पापड करायला घेतले आहेत, कशासाठी ते तिलाच विचार.

तुझा धाकटा भाऊ,
कारभारी

ता. क. छबूबाईंचा मार्ग लिहायचा राहिला. त्या म्हणाल्या, बाप लेकीच्या बाजूनं बोलणार, सराफ गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलणार. “ज्या बहिनीनं भावाशी भांडून नथीला काच म्हनलं, तिनं माझ्यासमूर दाताला लावावी. ती खरी म्हनली तर माझी ना न्हाई.” पुंजारामांनीही हे कबूल केलं आहे. तेव्हा शनिवारी राजूरहून अकोल्यावरून येणारी सकाळची एस. टी. धर. रविवारी हळद आहे, छबूबाई सकाळीच येतील. तोवर ऊस सोलून खाऊ नकोस, सुपारी अडकित्त्यानेच फोड, आणि बन्सीच्या पोरांच्या हट्टापायी कैऱ्या दातांनी तोडू नकोस. तुला जे लागेल तेच सांग. काच लागली तर काच म्हण. तू खोटं बोलणार नाहीस हे तिसगावाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, म्हणून तर धाकधूक आहे.

दुसरा ता. क. कवळीबद्दल ब्र काढू नकोस. पंक्तीला त्यांच्याशेजारी बस आणि म्हण की मलाच भाकरी कुस्करून हवी, म्हणजे त्यांनाही कुस्करून वाढता येईल. आणखी एक. तुला एका नथीवर सुटका नाही. ज्या दोन सोयरिकी अडल्यात त्या मुलींच्या नथीही छबूबाई बरोबर घेऊन येणार आहेत, आणि आणखीही काही असतील. वर म्हणाल्या, माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, पुढचं तुमच्या आक्कांनी बघावं. (डोळे म्हणाल्या. तूही डोळेच म्हण.) म्हणजे तू माझ्या नथीला नाव ठेवलंस आणि पाथर्डी तालुक्याची पारखी होऊन बसलीस.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी रतनने सगळं पत्र वाचून घेतलं. म्हणाली, एवढे कागद भरले, त्यात नुसते दातच दात, आणि जे लिहायचं ते लिहिलंच नाही. मी म्हटलं, सगळं तर लिहिलं. तर ती म्हणाली की लंकेने आज सकाळीच तिला सांगितलंय, बारशाला जिने कानात कुर्र करून माझं नाव ठेवलं तिच्या हातची हळद लागल्याशिवाय मी नथ घालणार नाही, मग ती बसऱ्याची असो नाहीतर बांगडीच्या काचेची. पोर हट्टी आहे. आत्यावर गेली आहे. आणि कोनाड्यातली ती पत्रिका रतनने मला न विचारता या पाकिटात घातली आहे.

तेव्हा आक्का, दात पडले असले तरी ये.